तिसरा पुकारा

आमच्या घरमालकांनी मला कधी नावानं हाक मारली नाही. "खोली नंबर दोन! शाळेच्या बाई! हाजिर हो!" असा पुकारा व्हायचा, आणि तोही कशासाठी, तर कपभर चहासाठी. एक पुकारा, दुसरा पुकारा, तिसरा पुकारा. तिसऱ्यालाही मी ओ दिली नाही की "गैरहजर!" असं जाहीर करून माझा चहा ते स्वतः पिऊन टाकत. यावरून मी किती भांडले असेन! "अहो मामा, मी न्हाणीत होते!" म्हटलं की मिशीला लागलेला माझाच चहा पुसत म्हणायचे, "पक्षकार न्हाणीत हाये हे कोर्टाला कसं कळावं, बाई?"

आता सांगा, अशा माणसाशी काय बोलावं?

वसमतच्या कोर्टात त्यांनी शिपाई म्हणून नोकरी काढली. फायली उचलणं, साहेबांच्या टेबलावर पाणी ठेवणं ही कामं ते करत, पण मोजत नसत. "ते कोणीबी करतं. पुकारा समद्याला जमत न्हाई." व्हरांड्यात उभं राहून त्यांनी एक आवाज दिला, की रस्त्यापलीकडच्या हॉटेलात बसलेला पक्षकार बशीतला चहा तसाच टाकून पळत यायचा म्हणे. नोकरी संपली, आवाज काही संपला नाही. तो मग घरावर, गल्लीवर आणि आम्हा भाडेकरूंवर निघाला. सगळी गल्ली त्यांना मामा म्हणायची, मीही म्हणायचे.

मी मूळची साखऱ्याची. हट्ट्याच्या जिल्हा परिषद शाळेवर नेमणूक झाली आणि वसमतला खोली घेतली. माझं तोंड जरा तिखट आहे, हे मला ठाऊक आहे. मामा ते रोज ठाऊक करून द्यायचे. "गाव साखरा आन् तोंड मिरचीचं," असं येणाऱ्याजाणाऱ्याला माझी ओळख करून देताना सांगायचे.

पुकाऱ्याचा कायदा सगळ्यांना सारखा होता, फक्त मामींना नव्हता. "घर नंबर एक! मालकीणबाई! हाजिर हो!" हे दोनदाच व्हायचं. दुसऱ्यालाही मामी आल्या नाहीत, की हे चपला सरकवत स्वतः शोधायला निघायचे. मामी विहारात गेलेल्या असल्या तर विहारापर्यंत जायचे. एकदा मी म्हटलं, "का हो, आमचा चहा जातो आणि मामींना सूट?"

"तिला तिसरा द्यायचा न्हाई," ते म्हणाले. "तिसरा दिला आन् ती आली न्हाई तर गैरहजर म्हणावं लागतं. घरच्या माणसाला तसं म्हनवत न्हाई बाई."

हे मात्र मला आवडलं होतं. मी तोंडावर कबूल केलं नाही, तो भाग वेगळा.

आता दोरीचं सांगते. त्या घरात राहायला गेले त्याच आठवड्यात, एका सुट्टीच्या दुपारी मामींनी मला ओट्यावर बोलावलं. ओट्यालगत त्यांच्या खोलीची खिडकी. खिडकीच्या गजातून एक सुती दोरी बाहेर आलेली, आणि तिचं टोक मामींच्या हातात. बाई दिसायला काटकुळी, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, बोलणं अगदी मऊ.

"बाई, जरा धरता का? मी घटकाभर पडते. मामाचं घोरणं ऐकत ऱ्हायचं. थांबलं की दोरी वढायची."

"थांबलं तर बरंच आहे की!" मी म्हटलं. कारण आत गिरणी सुरू होती, दुसरा शब्द नाही. पत्रे थरथरत होते.

"न्हाई वो. घोरणं थांबतं ना, तवा दमच थांबतो त्याहिचा. वढलं की परत येतो." मामींनी माझ्याकडे पाहिलं. "न्हाई वढलं तर येतो का न्हाई, ते म्या कधी बगितलं न्हाई. बगायची हिंमत न्हाई झाली."

दोरीचं दुसरं टोक मामांच्या डाव्या मनगटाला. मी ऐकत बसले. गिरणी चालली, चालली, आणि एकदम बंद. काहीच नाही. अगं बाई! मी जी दोरी हिसडली, ती गच्चीवरून पतंग काटल्यासारखी. आतून आवाज आला, "हाजिर!" मग एक मोठा आचका, आणि गिरणी पुन्हा सुरू. मामा झोपेतच होते. मामी तोवर ओट्याच्या कोपऱ्यात अंगाचं मुटकुळं करून गाढ झोपलेल्या. एवढ्या आवाजात! त्यांना त्या घोरण्यानं नव्हे, ते थांबल्यानंच जाग यायची.

पुढे कळलं, की ही दोरी त्या गल्लीची रीतच होती. मामा कोर्टात जायचे तेव्हा मामी दिवसा झोपून घ्यायच्या. मामा घरी बसले आणि दुपारीही झोपायला लागले, तशी मामींची झोपच गेली. मग शेजारणी पुढे आल्या. दुपारच्या डाळी निवडायला सगळ्या त्याच ओट्यावर यायच्या. एकीच्या हातात दोरी, बाकीच्यांच्या हातात सुपं. गप्पा तर काय, कोणाची सून, कोणाचा जावई, काही सुटायचं नाही. पण आतलं घोरणं थांबलं की गप्पाही जागच्या जागी थांबायच्या. दोरी ओढली, "हाजिर" ऐकू आलं, की सून पुन्हा जिथल्या तिथून पुढे सुरू.

आणि मामांना यातलं काय ठाऊक होतं? काही नाही! दोरी त्यांना ठाऊक होती, पण तिचा अर्थ त्यांनी आपल्या सोयीचा लावलेला. "हिला भ्या वाटतं. लग्न झालं तवापासून. मी हाये का न्हाई, वढून बगती. बांदू दिली दोरी, आपलं काय जातं?" आणि घोरण्याबद्दल विचारलं तर साफ इन्कार. "मी घोरत न्हाई. ह्या गल्लीतले लोक खोटी साक्ष देतात."

दिवसाही त्यांना कुठेही झोप लागायची. लग्नाच्या मांडवात, चहाचा कप हातात धरून, एकदा तर माझ्यासमोर. नळाच्या पाण्यावरून माझं भांडण ऐन रंगात आलेलं, मी बोटांवर मोजून मुद्दे सांगतेय, आणि बघते तर मामांची मान छातीवर. इतका अपमान मला शाळेत कोणी केला नाही! मामी म्हणाल्या, "रागवू नगा बाई, त्याहिला झोप पुरत न्हाई." मला हसू आलं. अख्खी दुपार घोरणाऱ्याला झोप पुरत नाही? पण त्या बरोबर बोलत होत्या. ज्याचा दम घडीघडी तुटतो त्याची कसली आली झोप.

मामांचा दुसरा षौक म्हणजे बाजारातले आवाज तपासणं. जवळा बाजारला आठवडी बाजार भरला की मामी भाजी घेत आणि मामा विक्रेत्यांचे गळे. "तुझा आवाज गळ्यातून येऊन राहिला. पोटातून काढ. कांदे हायेत का न्हाई तुझ्याकडं? मग कांदे असल्यासारखा वरड की!" लोक हसायचे, ओळखीचे झाले होते. एकदा सुट्टी होती म्हणून मीही गेले. लसूणवाला एक तरणा गडी मामांना म्हणाला, "मामा, तुमीच दाखवा बरं एकदा." झालं. मामांनी टोपी सरळ केली, छाती भरून घेतली आणि पुकारा दिला, "लसूणवाला! हाजिर हो!" अख्खा बाजार वळला. दुसरा दिला. तिसऱ्यासाठी तोंड उघडलं आणि आवाज निघालाच नाही. मामा उभेच्या उभे लसणाच्या ढिगावर पडले.

कोणी कांदा फोडून नाकाला लावला, कोणी पाणी मारलं. मामी खाली बसून त्यांचं डोकं मांडीवर घेऊन नुसतं म्हणत होत्या, "ओ द्या. अवो, ओ द्या." थोड्या वेळानं डोळे उघडले तेव्हा पहिलं वाक्य काय, तर "तिसरा झाला का?"

वसमतच्या डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली आणि तसंच नांदेडला पाठवलं. हृदय फार हळू चालत होतं. मधूनच एखादा ठोका गाळत होतं. नांदेडच्या डॉक्टरीणबाई वयानं माझ्याएवढ्याच, पण बोलणं नीट, समजावून सांगणारं. म्हणाल्या, पेसमेकर बसवावा लागेल. मामांनी विचारलं, "ते काय करतं?" बाईंनी सांगितलं, छातीत कातडीखाली लहानशी डबी ठेवायची, तिची तार हृदयात जाते, आणि हृदय वेळेवर ठोका द्यायला चुकलं की डबी त्याला टोचून आठवण देते.

मामांचा चेहरा उजळला. "म्हंजे पुकारेवाला! हृदय तारखेला आलं न्हाई की आवाज देणार."

"अगदी तसंच," बाई म्हणाल्या.

"मग बसवा. आवाज चांगला हाये ना त्याचा?"

पण त्या दवाखान्यातली खरी गोष्ट ही नाही. डबी बसवायच्या आधीच्या दुपारी मामांना पलंगावर झोप लागली. अंगाला तारा, डोक्याशी यंत्राचा पडदा. मी डबा घेऊन गेले होते. घोरणं सुरू झालं, चाललं, थांबलं. पडद्यावरची रेघ संथ होत गेली आणि यंत्र कोकलायला लागलं. नर्स धावत आली. तोवर मामींनी पदराखालून हात बाहेर काढून ओढलं होतं. होय, दोरी! पिशवीत घालून नांदेडला आणली होती, आणि पांघरुणाखालून बांधली होती. "हाजिर!" मामा ओरडले, आणि शेजारच्या खाटेवरचा पेशंट घाबरून उठून बसला.

डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी दोरी पाहिली. रागावतील असं वाटलं, पण त्या स्टूल ओढून मामींपाशी बसल्या. "मावशी, कधीपासून?"

"लग्नापासून."

बाईंनी मग मामांनाच सांगितलं. झोपेत तुमचा श्वास थांबतो. पुन्हा पुन्हा थांबतो. तेव्हा हृदयही आणखी मंद होतं. हा वेगळा आजार आहे आणि त्याची झोपेतली तपासणी करायची आहे. मामा मिशी ओढत म्हणाले, "न्हाई न्हाई, दोरी तर हिच्यासाठी हाये. हिला भ्या वाटतं."

मामी खाली बघत दोरी बोटाला गुंडाळत होत्या.

मामांनी त्यांच्याकडे पाहिलं, दोरीकडे पाहिलं. जे कोर्टातल्या माणसाला कळायला हवं होतं, ते आता कळलं. आवाज एकदम खाली आला. "मग तू झोपत कवा होतीस?"

"तुमी कोर्टात गेलता ना," मामी म्हणाल्या, "तवा."

"आन् घरी बसल्यावर?"

"बाया हायेत की गल्लीतल्या."

मी डबा उघडून भाकरी वाढायला लागले, आणि मामांनी त्या दुपारी कोणालाच पुकारा दिला नाही.

त्याच रात्री झोपेची तपासणी झाली आणि मग डबी बसली. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं, की काही आठवडे डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, त्याला हिसका बसू द्यायचा नाही, तार जागची हलते. हृदय आता ठरलेल्या गतीच्या खाली जाणार नाही. त्यानं काही पेशंटांचं श्वास थांबणंही कमी होतं, काहींचं होत नाही. तुमचं काय होतं ते पुन्हा तपासल्यावरच सांगेन. तोवर लक्ष असू द्या.

म्हणून दोरी उजव्या मनगटाला गेली आणि गल्लीतल्या बाया पुन्हा सुपं घेऊन आल्या. त्यातल्याच एका दुपारची गोष्ट. ओट्यावर पाचसहा जणी, मी होते, आणि दोरी मामींच्याच हातात, कारण दवाखान्यातून आल्यापासून त्या ती दुसऱ्या कोणाला देईनात. बराच वेळ झाला. आतून आवाजच येईना. घोरणं सुरूच झालं नाही. मामींनी दोरी हळूच ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. दोरी ताणली जात होती, पण पलीकडून हाजिर नाही, हालचाल नाही.

मामी उभ्या राहिल्या. खिडकीच्या गजाला तोंड लावून त्यांनी हाक मारली. हाक कसली, पुकाराच. "अवो! हाजिर हो!" मग दुसरा. "हाजिर हो!" असा आवाज त्या काटकुळ्या बाईत असेल असं मला वाटलं नव्हतं. आणि तिसऱ्याला त्यांनी स्वतःच्याच तोंडावर हात दाबला. डोळे एवढाले झाले, पण हात काढीनात.

मी सूप फेकून आत पळाले. डाळ सगळ्या ओट्यावर. मागून सगळ्या बाया. मामा कुशीवर पडलेले, डोळे मिटलेले. आणि छाती? छाती वर होत होती, खाली होत होती, वर होत होती, खाली होत होती. आवाज नाही, आचका नाही. पाळण्यातल्या लेकराचा चालावा तसा दम चाललेला. दोरी खाटेच्या पायाला बांधलेली.

मामी माझ्यामागून आल्या आणि त्यांनी मामांच्या नाकाखाली तळहात धरला. धरूनच ठेवला.

मामांनी डोळे उघडले. "हाजिर," अगदी साधं म्हणाले. मग आम्हाला बघून दचकले. "काहून जमल्या गं समद्या? कोण मेलं?"

मामींनी त्यांच्या उजव्या दंडावर एक चापट ठेवून दिली आणि रडायला लागल्या. रडता रडता हसत होत्या. "दोरी काहून सोडली? काहून सोडली दोरी?"

मामा ओशाळले. हा माणूस ओशाळू शकतो हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. हळूहळू बाहेर आलं ते असं. त्यांनी ठरवलं होतं, की दुपारी आपण झोपायचंच नाही. नुसतं डोळे मिटून पडायचं, म्हणजे घोरणं नाही, म्हणजे दोरी नाही, म्हणजे ही झोपेल. म्हणून टोक खाटेला बांधलं. "आन् मग झोप लागली वो. लागली ते कळलंच न्हाई."

"गाढव कुठले!" माझ्या तोंडून निघून गेलं. घरमालकाला! पण त्यांना ऐकूच गेलं नाही, सगळ्या बाया एकदम हसत होत्या. मग ओट्यावरची डाळ वेचायला आम्हाला संध्याकाळ झाली.

गल्लीनं तेव्हाच निकाल दिला, की डबीनं घोरणं बरं केलं. मामी मात्र ऐकेनात. आता आवाज नाही, तर कान द्यायचा कशाला? आधी घोरणं थांबल्यावर जाग यायची, आता घोरणं नाही म्हणून जाग. दुपारीसुद्धा घडीघडीला उठून नाकाखाली तळहात धरून यायच्या. डोळ्यांखालची वर्तुळं होती तशीच. "डॉक्टरीण सांगंल तवा खरं," एवढंच म्हणायच्या.

पुढे नांदेडला पुन्हा झोपेची तपासणी झाली. निकाल ऐकायला मी बरोबर गेले, कारण डॉक्टरांचं बोलणं मामींना माझ्याकडून पुन्हा ऐकायचं होतं. डॉक्टरीणबाईंनी पहिला कागद आणि दुसरा कागद शेजारी ठेवला. श्वास थांबणं खूप कमी झालंय, म्हणाल्या. अगदी गेलं नाही. उताणं झोपलं की थोडं होतं, तेव्हा कुशीवर झोपायचं, वजन उतरवायचं आणि तपासणीला येत राहायचं. "आणि मामा, पेसमेकर हे घोरण्याचं औषध आहे असं गावभर सांगू नका. तो हृदयासाठी आहे. तुम्हाला हा फायदा झाला, सगळ्यांना होतोच असं नाही."

"न्हाई सांगत," मामा म्हणाले. बाहेर बाकावर बसलेल्या सगळ्यांना ते आधीच सांगून झालं होतं.

मग बाई मामींकडे वळल्या. "मावशी, आता दोरी नको. तुम्ही झोपा."

मामींनी माझ्याकडे बघितलं. मी पुन्हा सांगितलं, "मामी, झोपा म्हणाल्या."

परतीच्या हिंगोली गाडीत तिघांच्या बाकावर जागा मिळाली. मामी खिडकीशी, मामांच्या उजव्या अंगाला, मी अलीकडे. नांदेड सुटायच्या आत मामींची मान मामांच्या खांद्यावर पडली. खड्डे, हॉर्न, मागच्या बाकावरचं रडकं पोर, कशानं पापणी हलली नाही. मामा ताठ बसले होते. पाणी प्यायलासुद्धा हात हलवला नाही.

वसमत आलं. कंडक्टरनं दोरी ओढून बेल दिली आणि ओरडला, "वसमत! वसमतवाले चला!"

"हळू बोला, साहेब," मामा म्हणाले. कुजबुजले! अख्ख्या जवळा बाजारला पोटातून ओरडायला शिकवणारा माणूस.

"मामा, वसमत आलं," मी म्हटलं. "उठवा त्यांना."

"तुमाला काम असंल तर तुमी उतरा, बाई."

मला कामं होती. वह्यांचा गठ्ठा घरी तसाच पडला होता. मी उतरले नाही, उलट पुढची औंढ्यापर्यंतची तीन तिकिटं काढली. गाडी सुटली. आमचं घर, आमची गल्ली मागे गेली.

औंढा जवळ आलं तेव्हा मामा मामींच्या केसांकडे तोंड नेऊन अगदी हळू म्हणाले, "घर नंबर एक, मालकीणबाई, हाजिर हो." थांबले. दुसरा दिला. मामी झोपलेल्याच. मग माझ्याकडे बघून त्यांनी तिसरा दिला, ओठांतल्या ओठांत. आयुष्यात पहिल्यांदा.

ओ आली नाही. मामांच्या डोळ्यांतून पाणी मिशीवर उतरलं, आणि ते हसत होते.

"औंढा आलं, उतरणार ना?" कंडक्टरनं विचारलं.

"पक्षकार गैरहजर हाये," मामा कुजबुजले. "पुडची तारीख द्या. तीन हिंगोली."